आकडा, चिंचोके आणि तुराट्या : अंकओळखीविषयी पाच प्रश्न

तीन ते सात वर्षांच्या मुलांना अंक कसे शिकवावेत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण ‘चार वाट्या आण’ म्हटले की हाताला येतील तेवढ्या घेऊन येते. तिला समजत नाही की ती लक्ष देत नाही? (एक आजोबा, औसा)

आजोबा, नातीचे काहीही चुकलेले नाही. आकडे ओळीने म्हणणे, वस्तू मोजणे आणि पाटीवरचा अंक ओळखणे ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि त्यांतले पहिले जमले म्हणजे उरलेली दोन आपोआप जमतात, असे होत नाही. तिच्या लेखी ‘एक, दोन, तीन’ ही अजून बडबडगीतासारखी पाठ झालेली ओळ आहे.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. तिच्यापुढे पाच चिंचोके मांडा आणि मोजायला सांगा. ती एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून ‘पाच’पर्यंत येईल. मग विचारा, ‘किती झाले गं?’ त्यावर ती ‘पाच’ न म्हणता पुन्हा ‘एक, दोन...’ असे सुरू करत असेल, तर शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्या चिंचोक्यांचा मिळून आकडा असतो, हे तिच्या मनात अजून बसलेले नाही असे समजावे. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांतले हे एक महत्त्वाचे तत्त्व आहे. बहुतेक मुलांना आधी ‘एक’चा, मग काही महिन्यांनी ‘दोन’चा, त्यानंतर ‘तीन’चा खरा अर्थ उमगतो. म्हणून थेट चार वाट्या मागू नका; दोन मागा, त्या सहज येऊ लागल्या की तीन मागा.

तिने ओंजळभर वाट्या आणल्या, तर ‘चुकलं’ म्हणू नका. त्या ओळीत मांडा, एकेकीला हात लावत ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि मग सगळ्या वाट्यांभोवती हात गोल फिरवून ‘तीन वाट्या’ असे सावकाश सांगा. हाताचा तो गोल फार कामाचा असतो, कारण मोजलेल्या सुट्या वस्तूंचा एक गट झाला हे त्यामुळे मुलाला डोळ्यांनी दिसते. तुमच्याकडे येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोप, करून पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात. पूजा आटोपली की नातीला ते डावीकडून मोजायला सांगा, मग उजवीकडून. कोठूनही सुरुवात केली तरी पाचच भरतात, याचे मुलांना प्रथम फार नवल वाटते आणि त्या नवलाला पुरेसा वेळ द्यावा. अंकाचे चित्र, म्हणजे ‘५’ हे चिन्ह, त्याच्यानंतर दाखवले तरी चालते.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची बावीस मुले आहेत. खेळण्यांचा संच मोडून गेला आहे. शिवाय दिवाळीनंतर काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि परत आल्यावर सगळे विसरलेले असतात. (अंगणवाडीसेविका, गेवराई तालुका)

ताई, संच मोडल्याची खंत करू नका, कारण या कामाला लागणारे उत्तम साहित्य तुमच्या शिवारातच पडलेले आहे. माँटेसोरी पद्धतीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि पंचेचाळीस लाकडी काड्या असे एक साधन असते. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, वीतभर लांबीचे पंचेचाळीस तुकडे करा, कुसळ राहणार नाही असे घासून घ्या, खोक्यात पुठ्ठ्याचे दहा कप्पे करा आणि प्रत्येकावर ठसठशीत अंक लिहा. ‘३’च्या कप्प्यात तीन काड्या, ‘७’च्या कप्प्यात सात, याप्रमाणे मूल काड्या ठेवत जाते. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस होते. त्यामुळे शेवटी काडी उरली किंवा कमी पडली, तर कोठे तरी चुकले हे मुलालाच कळते आणि तुम्हाला बोलावे लागत नाही. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य समजावून सांगण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलांना मात्र एकदम दहा कप्पे देऊ नका. एक ते तीन पुरेत. त्यांच्यासाठी अंगणात खडूने मोठी रिंगणे आखून त्यांत अंक लिहा. थाळी वाजत असेपर्यंत मुलांनी पळायचे आणि थांबली की ‘२’च्या रिंगणात दोघांनी, ‘४’च्या रिंगणात चौघांनी उभे राहायचे. पाचवा घुसला की बाकीचे चौघे ओरडतातच, आणि त्या भांडणातच अंक आणि संख्या यांची गाठ पक्की बसते. एका शिबिरात मी हा खेळ पावसामुळे वर्गात घेतला आणि जागा अपुरी पडल्याने रिंगणे एकमेकांना चिकटली. मुलांना आपण कोणत्या अंकात उभे आहोत हेच कळेना. तेव्हा रिंगणांत चांगले अंतर ठेवा.

वस्तू निवडताना एक काळजी घ्या. गुंज आणि एरंडीच्या बिया दिसायला देखण्या असल्या तरी विषारी आहेत. त्या मुलांच्या हाती कधीही देऊ नका. तीन वर्षांखालील भावंडे सोबत असतील, तर चिंचोकेही उचलून ठेवा आणि बांगड्या, वाट्या, मक्याची कणसे वापरा.

ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या मुलासोबत एक कापडी पिशवी द्या. तिच्यात एक ते दहा अंकांचे पुठ्ठे आणि पंचावन्न चिंचोके घाला, म्हणजे दहाही पुठ्ठ्यांखाली बरोबर तेवढे चिंचोके मांडता येतील. आईला निघण्यापूर्वी एकदा मांडून दाखवा. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी फडात मोळ्यांचा हिशेब तिच्या तोंडी असतो, आणि मुलाला शिकवायला तेवढे भांडवल पुरते.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जातो. घरी आम्ही मराठी अंक शिकवतो. तो ३ आणि ६ उलटसुलट लिहितो. दोन्ही लिप्यांमुळे गोंधळ होतो आहे का? (पालक, छत्रपती संभाजीनगर)

थोडा होतो, पण त्याचे कारण समजून घेतले तर तो आटोक्यात राहतो. आपल्या लिपीतले ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटावेत इतके जवळचे आहेत, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत मुले डावे-उजवे उलटे करतात हे स्वाभाविक आहे. त्यात मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. म्हणून दोन्ही लिप्यांतले अंक एकाच दिवशी शिकवू नका. शाळेत जे अंक चालू आहेत, ते संख्येशी नीट जुळेपर्यंत घरी मराठीत फक्त बोला आणि मोजा. ‘सहा’ म्हणजे किती हे त्याला कळले, की त्या सहाला दुसरे चिन्ह चिकटवणे काही दिवसांचे काम आहे. ३ आणि ६ तर वाळूत किंवा ज्वारीच्या ताटात बोटाने मोठे गिरवू द्या. पेन्सिलीची घाई करू नका.

प्रश्न : आम्ही नातवंडांशी चिंचोक्यांचा अष्टाचंगा खेळतो. त्यातून अंक शिकतात का? (एक आजी, परभणी)

आजी, जरूर शिकतात. फक्त लहानग्यांसाठी एक नियम बदला. फोडलेल्या चार चिंचोक्यांपैकी पांढरे जितके वर पडतील तितके दान, हे मुलांना पटते, कारण डोळ्यांना दिसते तेच तोंडाने म्हणायचे असते. पण सगळे पालथे पडले की ‘अष्ट’ धरतात, आणि एकही पांढरा दिसत नसताना आठ कसे, हे चार वर्षांच्या मुलाला कळणार नाही. काही दिवस पालथ्यांचे दान शून्य धरा. सहा-सात वर्षांचे झाले की मूळ नियम आणा.

सोंगटी चालवताना आणखी एक सवय लावा. फरशीवर एक ते दहा घरांची सरळ पट्टी आखून त्यांत अंक लिहा. सोंगटी चारवर असेल आणि दान दोन पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता घरातले अंक वाचत ‘पाच, सहा’ म्हणावे. रमानी आणि सीग्लर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतील मुलांना अशा अंकपट्टीवर दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका खेळवले आणि नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांच्या मानाने त्यांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली. सापशिडी नंतर आणा. तिच्यातल्या ओळी उलटसुलट वळतात, त्यात लहान मूल हरवते.

प्रश्न : पहिलीतली मुले ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितात. कितीही गिरवून घेतले तरी फरक पडत नाही. (शिक्षक, हिंगोली जिल्हा)

गुरुजी, मुले ऐकतात तसेच लिहितात. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी येतो. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली आणि त्यावर मोठा वाद झाला. माझ्या मते घरात रुळलेली नावे सोडू नयेत, पण काही आठवडे ‘वीस पाच, पंचवीस’ असे जोडीने म्हणायला काहीच हरकत नाही. त्याआधी तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून घ्या. दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे, आणि जुड्यांखाली २, सुट्यांखाली ५ असे पुठ्ठे मुलानेच ठेवायचे. ज्या मुलाने ५२ लिहिले आहे, त्याला तेवढ्या जुड्या मांडायला सांगा. पाच जुड्या गोळा करतानाच त्याचा हात थांबेल.