गावातील वळण धोकादायक आहे हे अभ्यासक कसे ठरवतात, आणि गतिरोधक घातल्याने प्रश्न सुटतो का?

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे : गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आपल्या गावात चिऱ्याच्या उंच कुंपणामुळे पलीकडचे काहीच दिसत नाही असे एक वळण आहे, तिथे दुचाकी घसरण्याचे आणि वाहने समोरासमोर येण्याचे प्रकार वारंवार घडतात, पंचायत गतिरोधक घालायला तयार आहे, पण एका कार्यालयाने ‘आधी अपघातांची आकडेवारी आणा’ असे सांगून आपल्याला परत पाठवले. मी फोंड्याच्या बाजूला स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन रस्त्याकडेला मोजण्या करत बरीच वर्षे उभा राहिलो आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासता येईल. आपल्यासारख्या लहान रस्त्यावर अपघातांची संख्या हा सर्वांत दुबळा आणि सर्वांत उशिरा हाती येणारा पुरावा आहे.

कार्यालयाच्या मनात बहुधा ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात घडले, किंवा एकूण १० मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. हा निकष महामार्गासाठी आहे, जिथे दिवसाला हजारो वाहने धावतात. तोच गावच्या रस्त्याला लावला, तर माणसे मरण्याची वाट पाहत यादी रिकामी ठेवण्यासारखे होईल.

शिवाय यादी भरायची तरी कुठल्या नोंदींवरून? पोलिसांची नोंद मुळात गुन्हा कोणाचा हे ठरवण्यासाठी असते. रस्त्यात काय चुकले हे शोधण्यासाठी नव्हे. जुन्या नोंदींत जागा ‘अमक्याच्या बाराजवळ’ अशी लिहिलेली मी स्वतः वाचली आहे, आणि तो बार तोवर दोनदा मालक बदलून दुसरीकडे गेलेला असतो. अलीकडे ई-डार या अपघातांच्या सरकारी संगणकीय नोंदप्रणालीत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले जातात, ही मोठी सुधारणा आहे. तरीही जे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाही, ते तिथे येणार कसे? २०१६ साली सरकारी नोंदीत देशभरात १,५०,७८५ मृत्यू होते आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र ३ लाखांच्या जवळ होता. मृत्यूंच्याच मोजणीत एवढी तफावत असेल, तर गुडघा फोडून घेऊन मुकाट्याने घरी गेलेल्या स्कूटरस्वाराचा हिशेब कोण ठेवणार? आपल्याकडच्या वृत्तपत्रांतील ‘स्वयंअपघात’ हा शब्दही मला खटकतो. एकट्या वाहनाचा अपघात एवढाच त्याचा अर्थ असला, तरी वाचणाऱ्याच्या मनात ‘स्वतःच पडला’ असे उमटते आणि वळण, खडी, अंधार यांची चौकशी तिथेच संपते.

समजा, नोंदी अचूक आहेत. तरीही लहान संख्या फसवतात. एकसारखी १०० वळणे घ्या आणि प्रत्येकाची खरी सरासरी तीन वर्षांत २ अपघात आहे असे धरा. संभाव्यतेच्या गणिताने त्यांपैकी साधारण ५ वळणांवर निव्वळ योगायोगाने ५ किंवा अधिक अपघात नोंदले जातील. ती ५ वळणे ‘सर्वांत घातक’ म्हणून निवडली, तिथे नुसता रंगाचा एक पट्टा मारला, तरी पुढच्या तीन वर्षांत तिथले आकडे पुन्हा २ च्या आसपास येतील, आणि अपघात निम्म्याहून कमी झाले असा अहवाल कोणीतरी प्रामाणिकपणे लिहील. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. एझ्रा हाउअर या अभ्यासकाने हा दोष काढून टाकून ‘आधी आणि नंतर’ची तुलना कशी करावी याची पद्धत बसवून दिली. मी स्वतः हा धडा उशिरा शिकलो. एका गावात खडबडीत पट्टे घातल्यानंतरच्या वर्षी अपघात घटले, तेव्हा मी ते यश म्हणून एका व्याख्यानात सांगितले होते. त्याच्या पुढच्या वर्षी आकडे पूर्वपदावर आले आणि ते व्याख्यान मला फार दिवस आठवत राहिले.

आपल्या तालुक्यात तर आणखी एक गुंता आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा खनिज वाहणारे टिपर रस्त्यावरून जवळजवळ एकाएकी नाहीसे झाले. मध्यंतरी काही काळ खाणी चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात डिचोली–सत्तरीच्या पट्ट्यात कुठे फलक लावला असेल किंवा गतिरोधक घातला असेल, तर अपघात कमी होण्याचे श्रेय फलकाला द्यायचे की टिपर नसण्याला? म्हणून किती अपघात झाले यासोबत किती आणि कोणती वाहने गेली, हे विचारावेच लागते. टाळेबंदीमुळे २०२० हे वर्ष ज्या तुलनेत येते, तीही अशीच संशयास्पद ठरते.

मग काय मोजावे? पहिली गोष्ट म्हणजे थोडक्यात टळलेले प्रसंग. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी १९८० च्या दशकात या पद्धतीला पक्के रूप दिले. दोन वाहने त्याच वेगाने, त्याच दिशेने गेली असती तर टक्कर व्हायला किती सेकंद उरले होते, हे प्रशिक्षित निरीक्षक टिपतो. एका अपघातामागे असे प्रसंग पुष्कळ असतात, त्यामुळे तीन वर्षांऐवजी काही दिवसांत चित्र दिसू लागते. आपल्याला सेकंदांचे अंश मोजण्याची गरज नाही. जोरात ब्रेक दाबला, चाक रस्ता सोडून मातीत उतरले, एकाला मागे घ्यावे लागले, एवढ्या तीनच खुणा ठरवा आणि शाळा सुटण्याची वेळ, तिन्हीसांज व पावसाची सर यांत तासतासभर नोंदी करा.

दुसरी गोष्ट दृष्टी-अंतर, म्हणजे चालकाला पुढचा रस्ता किती दूरपर्यंत दिसतो ते, आणि आपल्या वळणाची खरी कथा मला इथेच दिसते. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात चालकाला धोका कळून हालचाल करायला २.५ सेकंद धरले आहेत. ताशी ५० किमी वेगाने तेवढ्यात सुमारे ३५ मीटर संपतात, त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी २६-२७. म्हणून मानकातील ढोबळ आकड्यांत ५० किमीला ६० मीटर, ४० किमीला ४५ मीटर आणि २० किमीला २० मीटर दिसायलाच हवे. पण हे झाले दोन्ही बाजूंना स्वतंत्र पट्टा असलेल्या रस्त्याचे. आपल्या रस्त्यावर येणारा आणि जाणारा एकाच पट्ट्यातून चालतात, दोघांनाही थांबायचे असते, म्हणून अंतर दुप्पट लागते. कुंपणाच्या आड फक्त ३० मीटर दिसत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ मीटर येतात आणि तिथला सुरक्षित वेग ताशी २० किमीच्याही खाली जातो. हा निष्कर्ष काढायला एकही अपघात घडावा लागत नाही. ‘आकडेवारी’ म्हणून कार्यालयापुढे ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे.

तिसरी गोष्ट वेग. वळणाच्या अलीकडे ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन रेषा ओढा, वाहनाला लागलेले सेकंद मोजा आणि १८० ला त्या संख्येने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. शंभरेक वाहनांचे वेग चढत्या क्रमाने लिहिले की ८५ व्या वाहनाचा वेग पाहायचा, कारण अभियंते सहसा त्यावरून विचार करतात. वेगातील लहान फरकही किती मोलाचा असतो, ते स्वीडनच्या योरान निल्सन यांच्या सूत्रावरून कळते : प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतात. ५० चा वेग ४५ वर आला तर असे अपघात सुमारे एक तृतीयांशाने घटतात. वस्तीतील रस्त्यांवर हा परिणाम काहीसा सौम्य असतो असे पुढील अभ्यासांतून दिसले, पण दिशा तीच आहे.

आता गतिरोधक. माझा त्याला विरोध नाही. रात्रीतून उगवणाऱ्या डांबराच्या उंचवट्याला आहे. मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किमी वेगाने तो आरामात ओलांडता येतो, त्यावर ठळक पट्टे असतात, आधी सूचनाफलक असतो, आणि तो दुय्यम रस्त्यांसाठीच सुचवलेला आहे. आपल्याकडे बहुधा हातभर रुंदीचा टोकदार उंचवटा मिळतो, ज्याच्यावर मोटारीला नुसता हिसका बसतो आणि पावसात स्कूटर मात्र आडवी होते. तो नेमका वळणातच घातला तर दुचाकी झुकलेली असतानाच ब्रेक लागतो. म्हणून तो वळणाच्या अलीकडे, सरळ भागात, दोन्ही बाजूंना हवा.

कुंपण मागे घेणे किंवा त्याची उंची कमी करणे हा उपाय मालक तयार असल्यास उत्तम, पण त्यात एक मेख आहे. दिसू लागले की लोक वेग वाढवतात, आणि मिळालेले मीटर वेगातच खर्च होतात. रस्ता रुंद करताना तर हे हमखास घडते. त्यामुळे दृष्टी-अंतर वाढवायचे असेल तर वेग रोखणारी सोय सोबतच करावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. वाहने मुळात आपल्या वळणावर का येतात, हेही विचारा. पणजीजवळच्या पर्वरीच्या उन्नत मार्गाचे काम निघाले तेव्हा वाहतूक आजूबाजूच्या रस्त्यांवर पांगली. मोबाइलवरचा नकाशा जवळची वाट दाखवतो म्हणून आपल्याही गावातून परकी वाहने जात असतील, तर तो प्रश्न केवळ वळणावर सुटणार नाही.

अर्ज करण्यापूर्वी रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे लेखी विचारून घ्या; निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत मानके न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार असणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा, मात्र धमकीच्या सुरात नव्हे. सोबत दृष्टी-अंतर, शंभर वाहनांचे वेग आणि टळलेल्या प्रसंगांची वही जोडा. मोजताना एक काळजी घ्या : मानकात चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरतात, तेव्हा उभे राहून न पाहता थांबवलेल्या स्कूटरवर बसून, दोन्ही दिशांनी पाहा. वळणावर किती मीटर दिसते आणि रस्ता किती रुंद आहे, हे आकडे आपण इथे लिहिले, तर तिथला सुरक्षित वेग किती, ते मी हिशेब करून सांगेन.