कृषी सल्ला : पावसाळ्यात अंगणातलं इमारती लाकूड कसं सांभाळाल?

प्रश्न : बांधावरचे चार साग आणि एक जुना फणस परवानगी घेऊन एप्रिलमध्ये तोडले. गिरणीतून फळ्या आणि वासे पाडून आणले. घराचं काम दिवाळीनंतर काढायचं आहे. तोवर माल अंगणात जमिनीवर रचून ताडपत्रीने चारी बाजूंनी घट्ट बांधून ठेवला आहे. सागाच्या काही फळ्यांमधून पिठासारखा भुसा गळतो. काय करावं? (तालुका राजापूर)

उत्तर : सर्वात आधी ती ताडपत्री सोडा, अगदी आजच. पाऊस लाकडाचा शत्रू आहे हे खरं, पण कोंडलेला दमटपणा त्याहून वाईट. ओल्या लाकडातलं पाणी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला साचतं आणि पुन्हा लाकडावरच ठिबकतं. आमच्या घरी फणसाच्या फळ्या अशाच बांधून ठेवल्या होत्या. गणपतीला सोडल्या तेव्हा पांढरी बुरशी बोटभर आत गेली होती. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली गेली की बुरशी वाढत नाही. त्यासाठी वारा खेळता हवा.

रचायची जागा उंचवट्यावर निवडा, पागोळ्यांपासून लांब. लाकूडफाटा, गवताची उडवी आणि शेणी जवळ नकोत, कारण वाळवी तिथूनच येते. खाली जांभ्याचे चिरे दोन-तीन थर लावा, म्हणजे माल जमिनीपासून फूट-दीड फूट वर राहील. प्रत्येक चिऱ्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या कडा खाली वाकवा. वाळवी मातीची नळी करत चढते. या वाकवलेल्या कडेपाशी तिला उघड्यावर यावं लागतं आणि ती आपल्याला दिसते. दर आठवड्याला खाली वाकून बघा आणि नळी दिसली की मोडून टाका.

फळ्यांच्या दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या रिपा (लाकडी पट्ट्या) दोन-दोन फुटांवर ठेवा. खालच्या रिपेच्या अगदी वर वरची रीप आली पाहिजे, एका ओळीत. इथेच बहुतेक जण चुकतात आणि मग फळी वाकडी झाली म्हणून सुताराला बोल लावतात. सर्वात वर चार जड चिरे ठेवा, म्हणजे वरच्या फळ्या पीळ धरणार नाहीत. फळ्यांच्या टोकांतून पाणी फार झपाट्याने उडतं आणि टोकं फुटतात, म्हणून तिथे जुना ऑइलपेंट जाड लावा. छपराला उताराचे पत्रे घाला. पत्रा आणि माल यांत वीतभर मोकळी जागा ठेवा आणि बाजू उघड्या राहू द्या. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूंना पत्रा दोन हात जास्त पुढे काढा.

आता त्या भुशाबद्दल. वाळवी माती आणते, पीठ पाडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि टाल्कम पावडरसारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. तो सागाच्या बाहेरच्या फिकट लाकडात शिरतो, कारण त्यात पिष्टमय पदार्थ असतो. आतला तपकिरी गाभा सहसा तो शिवत नाही. साग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फिकट पट्टा साग असला तरी कच्चाच. भोकं पडलेल्या कडा तासून काढा आणि तो तासलेला भाग लगेच जाळा. उरलेल्या मालासाठी 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने दोनदा लावा. अजून ओल्या असलेल्या फळ्या या पाण्यात बुडवून काढा आणि काही दिवस प्लास्टिकमध्ये झाकून ठेवा. औषध मुरण्यासाठी प्लास्टिक चालतं ते फक्त एवढ्यापुरतं. नंतर रिपांवर मोकळं रचा. पावसाच्या पाण्याने हे औषध धुऊन जातं, म्हणून छप्पर हवंच. हातमोजे घाला, गुरं आणि मुलं लांब ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या पावसाळी हवेत लाकूड जवळजवळ वाळतच नाही, खरं वाळतं ते ऑक्टोबरपासून. त्याच मालातला एक तुकडा बाजूला ठेवून दर आठवड्याला तराजूवर टाका. सलग तीन-चार आठवडे वजन तेच आलं, तर काम काढा. दिवाळीपर्यंत इंची फळ्या जमतील, पण खांब आणि जाड वासे वजन स्थिर होण्याआधी लावायची घाई करू नका.

प्रश्न : लाकडाला गाडीचं काळं तेल लावलं तर वाळवी लागत नाही असं सगळे सांगतात. लावावं का?

उत्तर : कुंपणाच्या खांबालाही लावू नका, घराच्या लाकडाला तर मुळीच नाही. त्यात धातूंचे अंश असतात, ते मातीत आणि विहिरीत उतरतात. शिवाय तेल वरच्यावर राहतं आणि वाळवी आतून पोखरत राहते. कुंपणाचा खांब पुरायचा असेल तर फणस, साग किंवा ऐनाचा गाभा वापरा, आंबा नको. खांबाच्या तळाशी माती न घालता खडी भरा, म्हणजे पाणी साचणार नाही. काजूच्या टरफलांचं तेल मिळालं तर ते जरूर लावा, पण उघड्या हाताने नको, कातडी भाजते.