सायनाइडऐवजी काय? आणि आम्लराज का नाही?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी धातुकातून सोनं काढायचंय, सायनाइड टाळायचंय, मग सरळ आम्लराज (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं सोनं विरघळवणारं मिश्रण) का नको, असा तुमचा प्रश्न आहे.

आमच्या विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्यांना, आम्लराज नवीन नाही. पण त्यांच्या भांड्यात बहुतेक सोनंच असतं. खाणीच्या १ टन दगडात ४-५ ग्रॅम सोनं निघालं तरी ते चांगलं मानतात. उरलेल्या जवळजवळ १० लाख ग्रॅममधला चुना, लोखंड, तांबं सगळंच आम्ल पिऊन टाकतं. म्हणून रसायन बाकीच्या दगडाला किती सोडून देतं, ते आधी बघायचं. १८८७ साली ग्लासगोत शोधलेली सायनाइडची पद्धत अजून टिकलीय ती याच गुणावर. अगदी पातळ द्रावणही पुरतं.

पर्यायांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओतला 'हायपो' तो हाच. अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीच्या काही धातुकात नैसर्गिक कार्बन आहे. सायनाइडने विरघळवलेलं सोनं तो कार्बन लगेच ओढून घेतो आणि ते गाळाबरोबर वाया जातं. थायोसल्फेटमधलं सोनं कार्बनला चिकटत नाही, म्हणून २०१४ मध्ये तिथे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. पण मग द्रावणातून सोनं गोळा करायला नेहमीचा सक्रिय कोळसाही चालेना! त्यासाठी रेझिन (सोनं धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे बारीक मणी) आणावं लागलं. शिवाय थायोसल्फेट स्वतःच तुटत जातं, त्यामुळे सायनाइडपेक्षा ते बरंच जास्त लागतं.

थायोयुरिया झपाट्याने काम करतं, पण आम्लधर्मी द्रावणात, आणि त्याच्यामुळे कर्करोग होऊ शकतो असा संशय आहे. ते 'हिरवं' म्हणून खपवू नका. क्लोरीन तर सायनाइडच्याही आधीचं. ऑस्ट्रेलियात माउंट मॉर्गनला तेच वापरत. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातलं ग्लायसिनचं काम आवर्जून वाचा. ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल, ते विषारी नाही, पण एकटं फार हळू चालतं, म्हणून बहुधा थोड्या सायनाइडच्या जोडीनेच वापरतात.

सायनाइड टाळायची तुमची तळमळ रास्त आहे. जानेवारी २००० मध्ये रोमानियात बाया मारेला बांध फुटून सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी वाहून गेलं आणि तिसा नदीतले मासे टनावारी मेले.

आता आधी तुमच्या नमुन्यात तांबं, सल्फाइड आणि सेंद्रिय कार्बन किती, ते तपासून आकडे इथे टाका. तांबं जास्त निघालं तर ग्लायसिनपासून सुरुवात करू, कार्बन निघाला तर थायोसल्फेटपासून. आणि काहीही करायचं ते प्रयोगशाळेत, सरांच्या समोर, फ्यूम हूडखालीच (विषारी वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट).