दमलेल्या शिकारी कुत्र्याला पुन्हा उभे करताना

आपण लिहिले आहे की, सलग तीन दिवस रानात पळवल्यानंतर आपली पॉइंटर कुत्री चौथ्या सकाळी अंथरुणावरून उठताना कण्हते आणि अन्नाला तोंड लावत नाही, तर तिच्यासोबतचा लॅब्रडॉर शेपटी टाकून एका कडेला बसून राहतो. आणि आपला प्रश्न असा की, त्यांचा थकवा लवकर उतरावा म्हणून कोणती पावडर सुरू करावी. माझे मत आधीच सांगतो: पावडर हा या सगळ्यातला शेवटचा भाग आहे. काम संपल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत आपण काय करतो आणि दुसऱ्या सकाळी कुत्र्याची चाल पाहून कोणता निर्णय घेतो, यांवरच बाकीचे बहुतेक सारे अवलंबून असते.

काम संपले की कुत्र्याला लगेच गाडीतल्या पिंजऱ्यात कोंडू नये. दहा-पंधरा मिनिटे साखळीला धरून सावकाश चालवावे, म्हणजे धाप उतरते आणि स्नायू एकदम आखडत नाहीत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोरात पळालेल्या कुत्र्याचे ते ४० च्या वर जाणे नवलाचे नाही आणि तंदुरुस्त कुत्र्यात ते विश्रांतीने आपोआप खाली येते. मात्र हाक मारूनही त्याचे लक्ष नसेल, पाय अडखळत असतील, हिरड्या गडद लाल झाल्या असतील किंवा उलटी होत असेल, तर तो थकवा नसून उष्माघात आहे असे समजावे. अशा वेळी आधी जागच्या जागी सर्वांगावर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि मगच पशुवैद्याकडे धाव घ्यावी. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण थोड्याच वेळात तो टॉवेल गरम होऊन अंगातली उष्णता आतच अडवतो.

पाणी थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा द्यावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचे पाणी मुख्यतः धापेवाटे जाते आणि त्यासोबत मीठ फारसे जात नाही, म्हणून माणसांच्या खेळाडूंसाठी असलेली क्षारयुक्त पेये त्याला सहसा लागत नाहीत. साध्या पाण्यात बिनमिठाचे मांसाचे पाणी मिसळले, तर हट्टी कुत्रेही पिते. हिरडीला बोट लावून पाहावे: ती ओलसर आणि गुळगुळीत लागली तर ठीक, चिकट लागली तर पाणी कमी पडले आहे. दिवसभर पाण्यातून पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्यात याच्या उलट घडू शकते. पोहताना फार पाणी पोटात गेल्याने रक्तातले सोडियम घसरते, पोट फुगते, कुत्रे झोकांड्या खाते. तेव्हा आणखी पाणी न पाजता थेट डॉक्टरांकडे जावे.

धाप पूर्ण बसल्यावर खाण्याचा विचार करावा. कामानंतर पहिल्या अर्ध्या तासात थोडे पिष्टमय अन्न मिळाले, तर स्नायूंमधला खर्ची पडलेला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा लवकर भरून येतो. स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या अभ्यासांत यासाठी वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.५ ग्रॅम असे प्रमाण वापरले गेले आहे. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली, सहज पचणारी पावडर) पाण्यात विरघळवून दिले की झाले. पावडर द्यायचीच असेल तर माझ्या मते ही एकच, आणि तीही सलग दुसऱ्या दिवशी काम असेल तेव्हाच. मुख्य जेवण त्यानंतर दीड-दोन तासांनी, शक्यतो दोन भागांत द्यावे. पॉइंटरसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना धापा टाकत असताना भरपेट खाऊ घातले, तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो, आणि तो प्रकार काही तासांत जिवावर बेततो. याच कारणाने कामाच्या दिवशी सकाळीही भरपेट जेवण टाळावे. लांब पल्ल्याच्या कामात कुत्रे प्रामुख्याने चरबीवर चालते, म्हणून हंगामात साधारण ३० टक्के प्रथिने आणि २० टक्के चरबी असलेले खाद्य उपयोगी पडते, परंतु शरीराला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात. हंगाम तोंडावर आल्यावर खाद्य बदलले, तर जुलाबाखेरीज हाती फारसे काही लागत नाही.

आता तपासणी. कुत्रे दमून आडवे झाले की स्वतःचे बूट काढण्याआधी हे काम उरकून घ्यावे, कारण नंतर आपल्यालाही कंटाळा येतो. नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा, बगला आणि जांघा चाचपाव्यात, गोचीड दिसल्यास काढावेत आणि मग प्रत्येक पंजा उजेडात धरावा. दोन बोटांमधले केस अंगठ्याने मागे सारून खालची कातडी दिसेपर्यंत पाहावे, कारण कुसळ तिथेच लपते. कुसळाचे काटे एकाच दिशेला वळलेले असल्याने ते पुढे सरकते, मागे येत नाही. बोटांमधून शिरलेले कुसळ पायात वर चढते, नाकातून ओढले गेलेले फुप्फुसापर्यंतही पोहोचू शकते. एकाच बाजूचा कान झाडणे, अचानक शिंकांचा सपाटा, एक डोळा मिटून घेणे किंवा एकच पंजा सतत चाटणे ही त्याची लक्षणे. डोळ्यात कचरा असेल तर निर्जंतुक सलाइनने धुवावा, चोळू नये. तळव्याची गादी फाटली असेल तर जखम स्वच्छ धुऊन हलकी पट्टी बांधावी आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. काही वेळाने त्या दोन नखांमधले अंतर वाढलेले दिसले, तर पट्टी आवळली गेली आहे.

वेदना कमी करण्यासाठी घरातली माणसांची औषधे देण्याचा मोह होतो. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला कदापि देऊ नये. पशुवैद्याने लिहून दिलेले मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसुद्धा शरीरातले पाणी कमी झालेल्या कुत्र्याला दिल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मागच्या वेळची उरलेली गोळी स्वतःच्या अधिकारात देणे म्हणूनच वाईट.

अंग ओले असेल तर पूर्ण कोरडे करावे आणि जाड, कोरडे, जमिनीपासून उचललेले अंथरूण द्यावे. गार, ओलसर जागी झोपलेले कुत्रे सकाळी अधिक आखडलेले उठते. मालिश हलक्या हाताने केली तर चांगलीच, पण तिच्याहून शांत झोप मोलाची.

दुसऱ्या सकाळी कुत्र्याला खायला देण्याआधी कडक, सपाट जमिनीवर सैल साखळीने चालवावे आणि शक्य तर दुसऱ्या कुणाला चालवायला सांगून आपण बाजूने पाहावे. सगळेच अंग सारखे आंबलेले असेल आणि दहा मिनिटांत चाल मोकळी होत असेल, तर तो थकवा. एकच पाय राखून टाकला जात असेल, चालताना तो त्रास कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जात असेल, तर ती दुखापत. नेहमी उडी मारून गाडीत चढणारे कुत्रे दाराशी थबकू लागले, तर मांडीच्या आतल्या बाजूचा ताण हमखास तपासून घ्यावा. लघवी गडद तपकिरी झाली असेल, तर स्नायूंची झीज होऊन त्यांतले द्रव्य रक्तात उतरले असण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ न पाहता दवाखाना गाठावा.

आपल्या पॉइंटरबद्दल सांगायचे, तर कण्हणे आणि अन्न नाकारणे ही दोन्ही लक्षणे एकत्र आल्यामुळे तिला एकदा डॉक्टरांना दाखवावेच. त्यात काही निघाले नाही, तर यापुढे दोन दिवस काम आणि एक दिवस नुसते साखळीने फिरणे असा क्रम ठेवावा. लॅब्रडॉरची शेपटी बुडापासून थोडी आडवी राहून पुढे लोंबत असेल आणि बुडाशी दाबल्यावर दुखत असेल, तर तो अतिश्रमाने, विशेषतः थंड पाण्यात फार पोहल्याने, शेपटीचे स्नायू दुखावण्याचा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. तो बहुधा काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत विश्रांतीने बरा होतो. तोवर त्याचे पोहणे पूर्ण बंद ठेवावे, आणि आठवड्याभरात शेपटी उचलली जाऊ लागली नाही तर मणक्याची आणि शेपटीच्या हाडाची तपासणी करून घ्यावी.