पायाळू लेकराची मान एकीकडंच कलते, काय करावं?

प्रश्न: माझं लेकरू अडीच महिन्यांचं आहे, पायाळू होतं म्हणून सिझर झालं. तिसऱ्या आठवड्यात न्हाऊ घालताना मानेला उजवीकडं बोराएवढी गाठ हाताला लागली, आता डोकं कायम उजव्या खांद्याकडं अन् तोंड डावीकडं. आत्याबाई म्हणायल्यात, मी गरोदरपणी एकाच कुशीवर निजायचे म्हणून झालं. गावात एक बाई मान ओढून उसण काढते, तिच्याकडं न्यावं का?
– एक आई, ता. केज, जि. बीड

उत्तर: ताई, अजिबात नेऊ नका, बाकीचं नंतर सांगते. ही उसण नाहीच. कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या अन् गळ्याच्या हाडापर्यंत एक स्नायू तिरका जातो, तुम्ही मान वळवली की आरशात दोरीसारखा दिसतो बघा, तो लेकराचा उजवीकडचा आखडलेला असणार, म्हणून डोकं त्या बाजूला ओढलं जातं आणि हनुवटी उलटीकडं फिरते. डॉक्टर टॉर्टिकॉलिस म्हणतात, लॅटिनमध्ये अर्थच वाकडी मान. गाठ त्याच स्नायूतली असते, बहुतेक लेकरांची काही महिन्यांत आपोआप विरते, तरी डॉक्टरांनी हात लावून बघायलाच पाहिजे, गरज वाटली तर सोनोग्राफी करतात.

आणि तुमच्या कुशीवर निजण्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे आत्याबाईंना वाचून दाखवा. पोटात लेकरू अवघडून बसलेलं असलं, पायाळू असलं किंवा बाळंतपण अवघड गेलं तर हे जास्त दिसतं. अशा लेकरांचे खुबेही कधी कधी सैल असतात, तुमचं तर पायाळू आहे, म्हणून खुब्याची तपासणी मागून घ्या, न विसरता.

उपाय म्हणजे व्यायाम. फिजिओथेरपिस्ट तुमच्या हातात हात धरून शिकवतील, तोंड हळूच उजवीकडं वळवायचं, डावा कान डाव्या खांद्याकडं न्यायचा, दिवसातून बऱ्याचदा, लेकरू रडून ताठ झालं की थांबायचं, जोर लावायचा नाही. मालिशवाल्या मावशींनाही मान सोडून बाकी अंग चोळायला सांगा. खुळखुळा, दार, तुमचा आवाज सगळं त्याच्या उजवीकडं ठेवा म्हणजे ते स्वतःच तिकडं बघायला शिकतं. जागं असताना समोर बसून पालथं घाला, झोपवताना मात्र उताणंच, सपाट जागेवर. कायम एकीकडं तोंड करून निजल्यानं डोकं मागून डावीकडं चपटं होऊ शकतं, पण त्यासाठी मोहरीची उशी नको, लहान लेकराला उशीच नको.

तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर बहुतेक लेकरं ऑपरेशनशिवाय बरी होतात, म्हणून "मोठं झालं की सरळ होईल" असं म्हणत बसू नका. मान अचानक वाकडी झाली, ताप आला, दूध सोडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मान वाकडी दिसण्यामागं कधी डोळ्याचं किंवा मणक्याचं कारणही निघतं, तेही डॉक्टरच ओळखतील.

केजहून अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे, याच आठवड्यात लहान मुलांच्या ओपीडीत दाखवा. जाताना लेकराचा उताणं निजलेला, समोरून काढलेला फोटो मोबाईलमध्ये न्या, अन् दर आठवड्याला तसाच एक काढत राहा, मान किती सरळ व्हायली ते त्यातच कळतं.