शेजाऱ्यांच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू होतो का?

प्रश्न : न्यू जर्सीतील हंटरडन काउंटीत आम्ही नुकतेच तळघर असलेले जुने घर घेतले. घरी आणलेल्या चाचणीच्या डबीनुसार तळघरात रेडॉनचे प्रमाण ६.२ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) प्रति लिटर आले, तर त्याच बिल्डरने बांधलेल्या शेजारच्या घरात ते १.१ निघाले. आमची चाचणी चुकली असेल का? तळघरातच सासूबाईंची खोली आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर पुरेसे होईल का?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. जमिनीतील युरेनियमच्या ऱ्हासातून रेडियम आणि त्यापासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तयार होतो. तो रंगहीन व गंधहीन असून फरशीतील भेगांतून, पाईपांभोवतीच्या फटींतून आणि संप पंपाच्या (तळघरात साचणारे पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून घरात शिरतो. थंडीत घरातील उबदार हवा वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी तळघर जमिनीतील हवा ओढून घेते. त्यामुळे ही ओढ किती आणि भेगा कोठे, यावर प्रत्येक घराचा आकडा ठरतो. आपल्याच काउंटीतील क्लिंटन येथे १९८६ साली अनेक घरांत मोठे प्रमाण आढळले होते, तेव्हा शेजाऱ्यांच्या निकालावर विसंबून राहू नये.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक प्रमाण असल्यास ते कमी करण्यासाठी घरात दुरुस्ती करण्याची शिफारस केली आहे. २ ते ४ च्या दरम्यानही तिचा विचार करावा, असे ती संस्था सांगते, कारण रेडॉनची पूर्णपणे निर्धोक अशी पातळी नाही. आयुष्यभर ४ पिकोक्युरी प्रमाणात राहणाऱ्या, कधीही धूम्रपान न केलेल्या १००० जणांपैकी सुमारे ७ जणांना, तर धूम्रपान करणाऱ्या १००० जणांपैकी सुमारे ६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, असा तिचा अंदाज आहे. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, तर ती सोडवणे हा दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा उपाय होय.

तरीही एकाच चाचणीच्या निकालावरून दुरुस्तीचा खर्च करू नका. सासूबाई तेथे झोपतात आणि निकाल लवकर हवा, म्हणून ९० दिवसांहून अधिक काळ चालणाऱ्या चाचणीपेक्षा दुसरी अल्प मुदतीची चाचणी मला योग्य वाटते. तिच्या १२ तास आधीपासून आणि चाचणी संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. नेहमीचे येणे-जाणे चालेल. डबी जमिनीपासून किमान २० इंच उंच, बाहेरच्या भिंतीपासून आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावी. रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाची डबी असल्यास मुदत संपताच ती बंद करून प्रयोगशाळेकडे रवाना करा. डबीत अडकलेल्या रेडॉनचे प्रमाण ३.८ दिवसांत निम्मे होत असल्याने टपालातील दिरंगाई परवडत नाही. दोन्ही निकालांची सरासरी ४ किंवा अधिक आली, तर दुरुस्ती करून घ्यावी.

खिडक्या उघडल्याने प्रमाण तात्पुरते उतरते, पण जानेवारीत त्या किती वेळ उघड्या राहतील हे आपणच ठरवा. फरशीखालून पाईप घालून पंख्याने वायू ओढून छपरावर सोडणे, हा खात्रीचा मार्ग आहे. ते काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. पाईपवर रंगीत द्रव भरलेली यू आकाराची नळी असते. तिच्या दोन बाजूंची पातळी सारखी झाली, तर पंखा ओढत नाही असे समजावे. काम झाल्यावर २४ तासांनंतर, परंतु ३० दिवसांच्या आत पुन्हा चाचणी करावी आणि पुढे दर दोन वर्षांनी करीत राहावी.