काइटच्या बारला शॉक बसतो तेव्हा

प्रश्न : दोन वर्षं काइटसर्फिंग करतोय, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकत जायचं. परवा पाण्यात असताना बारच्या (काइट सांभाळायच्या हातातल्या दांड्याच्या) धातूच्या कडीला बोट लागलं की टचकन शॉक बसायचा. डोक्यावर ऊन होतं, काळे ढग होते ते लांब क्षितिजावर. सोबतचा मित्र म्हणाला, "वारा कापडाला घासला की असं होतंच. शिवाय अंगात रबरी वेटसूट आहे, वीज काय करणार?" त्याचं ऐकावं का?

उत्तर : मित्राचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि घात त्या अर्ध्यानेच होतो. कोरड्या वाऱ्यात, त्यातून वाळू उडत असेल तर, काइटच्या कापडावर विद्युतभार साठतो. तो चटका लोकरीचा स्वेटर काढताना बसतो तसाच.

पण तुम्हाला ढग दिसत होते. निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत मीटरमागे साधारण 100 व्होल्टचा फरक असतो. गडगडाटी ढगाखाली तो हजारोंवर जातो. तुमची काइट वीस-पंचवीस मीटर वर, दोऱ्या खाऱ्या पाण्याने भिजलेल्या आणि खालचं टोक तुमच्या कमरेला अडकवलेलं! हा चटका स्वेटरवाला की ढगाचा, हे बोटाला कळत नाही. मी तो ढगाचाच धरते.

हे शहाणपण मला उशिरा आलं. एकदा अशाच उन्हात बारला चटके बसू लागले. थोड्या वेळाने दोऱ्यांतून चर्रर्र असा बारीक आवाज यायला लागला, कढईत मोहरी तडतडावी तसा. मानेवरचे केस उभे राहिले, तरी म्हटलं, वारा छान आहे, अजून दोन फेऱ्या मारू. दुसऱ्या फेरीत वारा एकदम पडला, काइट पाण्यात कोसळली, आणि मिनिटभराने उलट्या दिशेने गार वारा असा आला की दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायची सोय राहिली नाही. सगळं सोडून पोहत आले. वीज कुठे पडली ते बघितलंसुद्धा नाही.

वीज पावसाच्या सरीपासून दहा-पंधरा किलोमीटर लांबही पडते, म्हणून डोक्यावरच्या उन्हाचा भरवसा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. खरं तर गडगडाट ऐकू आला एवढंच बाहेर यायला पुरे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात परत जायचं नाही. तोवर पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या, धातूच्या टपाच्या गाडीत बसा. झाडाखाली किंवा तंबूत नको.

वेटसूटचं म्हणाल, तर जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते तिला चार मिलिमीटर रबर कुठलं अडवतंय!

वारा स्थिर आहे तोवरच काइट उतरवा. उतरवायला कुणी नसेल तर क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडणारी कळ) ओढा, काइटचा मोह धरू नका. आणि किनाऱ्यावर काइट धरायला कुणी उभा असेल तर त्याला आधीच ओरडून सांगा, हाताला चटका बसेल, दचकून सोडू नकोस.